उजनीवरचा ऑस्प्रे दरवर्षी तोच असतो का? ट्रॅकिंगबद्दल विचारायचंय

चष्मा_आणि_दुर्बीण (पुणे)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका.

उजनी धरणाच्या काठी भिगवणला आम्ही हिवाळ्यात जातोच, कुंभारगावातून होडी, फ्लेमिंगो, मग चिलापीचं ताट, ठरलेलं. यंदा दिवाळीनंतर लगेच गेलो तर पाणी फुल्ल, चिखलाचे पट्टे उघडलेच नव्हते म्हणून फ्लेमिंगोचा पत्ता नाही. पण पाण्यात अर्धं बुडालेलं एक वाळकं बाभळीचं झाड आहे त्याच्यावर ऑस्प्रे (मासे धरून खाणारा शिकारी पक्षी) बसला होता, पंजात ही एवढी चिलापी, आणि आरामात डोक्याकडून सोलत सोलत खात होता. घरी येऊन जुने फोटो काढले तर मागच्या हिवाळ्यातही त्याच बाभळीवर, जवळजवळ त्याच फांदीवर ऑस्प्रे! बायको म्हणते तोच आहे, मी म्हणतो कशावरून, ऑस्प्रे ऑस्प्रेसारखाच दिसणार ना.

तर प्रश्न असे की हे पक्षी दरवर्षी त्याच जागी येतात का, आणि तोच आहे हे सिद्ध कसं करायचं? बाहेरच्या देशात म्हणे प्रत्येक ऑस्प्रेला नंबर असतो, नकाशावर आज इथे उद्या तिथे असं घरबसल्या दिसतं. आपल्याकडे असं काही का नाही? ऑफिसमधला एक महाभाग म्हणाला किल्ल्या शोधायचा टॅग मिळतो ना मोबाइलवाल्यांचा, तो बांध पायाला. हसू नका, खरंच म्हणाला.

लेस्टरची_मंजू

वहिनींचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, आधीच सांगते :)

मी लेस्टरला राहते, इथून रटलंड वॉटर जवळ आहे, मोठं धरणाचं तळं. तिथे ऑस्प्रेच्या घरट्यांवर नजर ठेवायला स्वयंसेवक लागतात, त्यात मी जाते. इंग्लंडमध्ये ऑस्प्रे १८४० च्या दशकातच संपले होते, स्कॉटलंडमध्ये १९१६ नंतर संपले आणि १९५४ ला एक जोडी आपणहून परत आली. मग १९९६ ते २००१ मध्ये स्कॉटलंडच्या घरट्यांतून ६४ पिल्लं आणून रटलंडला वाढवून सोडली, रॉय डेनिस म्हणून तिथले जुने जाणकार आहेत ते त्यात होते. २००१ ला पहिलं पिल्लू झालं. आता ते सगळं व्यवस्थित चाललंय, घरट्यावर कॅमेरा आहे, लोक ऑफिसात बसून बघतात.

पण तुमचा प्रश्न हिवाळ्याचा आहे. इथले ऑस्प्रे ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, आधी मादी, मग पिल्लं, नर शेवटी, आणि प्रत्येक जण एकटा जातो. आईबाप रस्ता दाखवतायत वगैरे काही नाही, जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचं पिल्लू स्वतःच्या स्वतः फ्रान्स, स्पेन, मोरोक्को, सगळा सहारा ओलांडून सेनेगल-गांबियाला पोचतं. साधारण ५००० किमी. म्हणजे पोचलं तर. तीनातलं एखादंच मोठं होऊन परत येतं.

आणि मोठे पक्षी हिवाळ्यात काय करतात हे टॅगमुळे अगदी स्वच्छ कळलं. ३०(०५) म्हणून आमच्याकडची एक मादी होती, पायातल्या रिंगवर ३० आणि कंसातलं ०५ म्हणजे २००५ सालची. तिला २०१३ ला सॅटेलाइट टॅग लावला, म्हणजे ती कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणारं छोटं यंत्र. ती सेनेगलच्या किनाऱ्यावर जायची, आणि तिथे गेली की हलायचीच नाही हो! किनाऱ्याचा थोडासा पट्टा, ठरलेल्या बसायच्या जागा, मासा पकडायचा, खायचा, तासन् तास बसायचं. पुढच्या वर्षी परत तिथेच. नोकरीतून सुटल्यावर रोज त्याच पारावर त्याच कोपऱ्यात बसणारे आजोबा असतात ना, तसं. त्यामुळे त्याच बाभळीवर, त्याच फांदीवर हे ऐकून मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

रिंगचं सांगायचं तर इथल्या पक्ष्यांना निळी रिंग असते, पांढरी अक्षरं, पिल्लू पाचेक आठवड्यांचं असताना घरट्यातच घालतात. इंग्लंड-वेल्सची उजव्या पायात, स्कॉटलंडची डाव्या पायात, अक्षरं खालून वर वाचायची. तुमच्या फोटोत पाय दिसतात का बघा. दिसत असतील तर झूम करून टाका इथे.

नावाडी_कुंभारगाव

राम राम. ती बाभळ कोणती ते कळलं मला 😀 आमची होडी रोज तिकडनंच जाती.

साहेब, ऑस्प्रे आमच्याकडं पाऊस संपला की येतोय, धरण भरलेलं असतंय तवाच. फ्लेमिंगोला चिखल लागतो त्याच्यामुळं तो पाणी उतरल्यावर, संक्रांतीच्या पुढं खरा जमतोय. ऑस्प्रेला चिखलाशी काय देणंघेणं न्हाई, त्याला मासा पायजे आन् बसायला उंच काहीतरी, वाळलेलं झाड म्हणा, जाळ्याचा बांबू म्हणा. पार मार्चपतुर असतोय.

एकच हाय का दोन हायेत ते आम्ही वळखतो, कारण एकाच्या इलाक्यात दुसरा आला की लगीच वरडत मागं लागतोय. आन् घारींचा लई ताप त्याला. मासा घिऊन उठला की दोन-तीन घारी मागं, कधी ब्राह्मणी घार, कधी साधी, मासा सोडंपतुर पिच्छा सोडत न्हाईत. खाऊन झालं की पाण्याला लागून उडतोय आन् दोन्ही पाय पाण्यात वढत नेतोय, धुतल्यासारखं. त्याचा फोटो घ्या कधी, लई भारी येतो.

पण एक बोलतो, राग मानू नका. फोटोवाले लोक म्हणत्यात अजून जवळ घे, अजून जवळ घे. ऑस्प्रे मासा खात आसताना होडी खाली नेली की तो अर्धा मासा टाकून उठतोय. मग परत शिकार करायची त्यानं. दिवसातनं आसं चार होड्यांनी केलं तर त्यानं खायचं कधी? आमच्यातलीबी काही पोरं टिपसाठी नेत्यात, खोटं कशाला बोलू. मी न्हेत न्हाई. लांबनं बघा म्हणतो, मोठ्या लेन्सा कशाला घेतल्यात मग.

टेलिमेट्रीवाला

नावाडीभाऊंना हजार लाइक्स.

आता टॅगबद्दल, कारण माझं काम त्याच्याशी थोडं संबंधित आहे. किल्ल्यांच्या टॅगचं उत्तर आधी देऊन टाकतो. तो टॅग स्वतः कुठेच काही पाठवत नाही, आजूबाजूला कोणाचा तरी मोबाइल असला तर त्याच्या जिवावर चालतो. सहाऱ्यात कोणाचा मोबाइल शोधणार? शिवाय पायाला लोंबकळणारी वस्तू आणि हा पक्षी पाय पुढे करून पाण्यात झेपावणारा, बुडेलच. तर ऑफिसातल्या महाभागाला माझ्यातर्फे चहा पाजा आणि विषय संपवा.

खरा टॅग पाठीवर असतो, छोट्या सॅकसारखा, टेफ्लॉनच्या पट्ट्यांनी बांधलेला, वर सोलर पॅनल. ऑस्प्रेचं वजन दीड किलोच्या आसपास, त्यामुळे ३० ग्रॅमचा टॅग चालतो, नियम साधारण असा की वजनाच्या ३ टक्क्यांवर जायचं नाही. पट्ट्या जिथे जोडतात तिथे सुती दोऱ्याने शिवतात, म्हणजे काही वर्षांनी दोरा कुजून टॅग आपोआप पडून जातो, पक्षी जन्मभर ओझं वागवत नाही.

डेटा यायच्या दोन पद्धती. एक आर्गोस, उपग्रहाने थेट, १९७८ पासून चालू आहे. जुने टॅग नुसत्या आर्गोसवर असायचे तेव्हा जागा कित्येकदा शेकडो मीटर, कधी काही किलोमीटर इकडेतिकडे यायची. म्हणजे पक्षी सेनेगलात आहे एवढं कळायचं पण कुठल्या झाडावर ते नाही. जीपीएस आल्यावर काही मीटरवर आलं प्रकरण आणि तेव्हापासून हिवाळी मुक्कामाचा खरा अभ्यास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही, झोपतो कुठे, मासे धरतो कुठे, दिवसाचे किती तास नुसता बसून असतो, सगळं. दुसरी पद्धत जीएसएम, म्हणजे टॅगमध्ये मोबाइलसारखं सिम. स्वस्त पडतं आणि डेटा भरपूर, पण रेंज नसेल तिथे टॅग गप्प. पक्षी सहाऱ्यात शिरला की नकाशावरचा बिंदू थांबतो, इकडे लोकांचे जीव टांगणीला, आणि मग पलीकडे कुठलातरी टॉवर लागला की साठवलेले सगळे बिंदू एकदम धडाधड येतात. उलट बिंदू रोज येतायत पण दिवसेंदिवस एकाच जागेवर, हालचाल शून्य, तर ती वाईट बातमी असते. मग तिथल्या कोणालातरी विनंती करायची की बाबा रे जाऊन बघ.

आपल्याकडे का नाही? एक म्हणजे पक्षी धरणं. घरट्यावर पिल्लू हातात मिळतं, मोठा पक्षीही पिल्लांपायी घरट्याजवळ येतो म्हणून धरता येतो. हिवाळ्यात त्याला कशाचीच ओढ नाही, चाहूल लागली की उठून दुसऱ्या झाडावर. म्हणून जगभर बहुतेक टॅग घरट्याकडे लावतात आणि हिवाळी मुक्कामाला नुसतं मागोमाग जातात. दुसरं म्हणजे ऑस्प्रे आपल्या वन्यजीव कायद्यात परिशिष्ट १ मध्ये आहे, अभ्यासासाठी धरायचा तरी राज्याची परवानगी आणि त्याआधी केंद्राचीही संमती लागते. त्यात काही गैर नाही, पण वेळ जातो. बाकी टॅगिंग आपल्याकडे होतं हां. २०१३ ला नागालँडमध्ये अमूर ससाण्यांना ५ ग्रॅमचे टॅग लावले होते, नागा, वोखा, पांगती अशी नावं दिलेली, ते पठ्ठे अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला गेले. आणि २०२२ ला बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ठाणे खाडीतल्या ६ फ्लेमिंगोंना लावले.

चष्मा_आणि_दुर्बीण (पुणे)

बापरे, एवढी उत्तरं! बायकोला मंजूताईंची पहिली ओळ दाखवली, आता घरात माझं काही खरं नाही.

फोटो झूम केले. यंदाच्या फोटोत दोन्ही पाय दिसतायत, रिंग नाही. मागच्या वर्षीच्यात एक पाय पोटाखाली घेतलाय. म्हणजे मार्ग बंद?

काजूवाला_वेंगुर्ला

मी पक्षीवाला नाही पण सेनेगल-गांबिया वाचून राहवलं नाही. आमचा काजूचा धंदा, कोकणातल्या कारखान्यांना इथला काजू पुरत नाही त्यामुळे कच्ची बी आफ्रिकेतून येते, त्या निमित्ताने गिनी-बिसाऊ आणि सेनेगलचा दक्षिण भाग, झिगिंशोर वगैरे, इकडे माझी सीझनला फेरी असते. सीझन फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत. माल बराचसा बांजुलच्या बंदरातून जातो त्यामुळे गांबियातही मुक्काम पडतो.

तिकडच्या खाड्या बघितल्या तर तुम्हाला वाटेल आपण मालवणात आहोत, तीच कांदळवनं, तेच कालव काढणारे लोक (तिकडे कालवं बायका काढतात, होडीतून जाऊन मुळांवरची तोडून आणतात). आणि सुकलेल्या कांदळाच्या शेंड्यावर हा पक्षी! मी आपली सीगल सोडून बाकी सगळ्यांना घारच म्हणायचो, तिथे एक ब्रिटिश म्हातारा भेटला हॉटेलात, त्याने दुर्बिणीतून दाखवला आणि म्हणाला याच्या पायात जर्मनीची रिंग आहे. म्हटलं काय सांगतोस. तो रोज सकाळी गांबियातल्या तंजीच्या किनाऱ्यावर जाऊन रिंगा वाचायचा, वहीत लिहायचा, संध्याकाळी ईमेल करायचा. ब्रिटन, जर्मनी, स्वीडन, फिनलंड, सगळीकडचे ऑस्प्रे तिथे एकत्र. किनाऱ्यावर चक्क वाळूवर बसलेले पण दिसतात.

माझा प्रश्न असा की मार्चमध्ये हे पक्षी परत युरोपला जातात म्हणता, मग मला मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, खाडीत दोन-तीन दिसतातच ते कोण? आजारी की काय?

लेस्टरची_मंजू

काजूवाले दादा, आजारी नाहीत, लहान आहेत ते! पहिल्या हिवाळ्याला गेलेली पिल्लं पुढच्या उन्हाळ्यात परत येतच नाहीत, तिकडेच राहतात, दोन वर्षांची झाली की मग पहिल्यांदा उत्तरेला निघतात, काही तर तिसऱ्या वर्षी. त्यांचे पहिले महिने फार वाईट जातात, चांगल्या जागा सगळ्या मोठ्यांनी धरलेल्या, कुठेही बसलं की कोणीतरी हाकलतं. आपल्या नावाडीभाऊंनी सांगितलं ना इलाक्यात दुसरा आला की ओरडत मागे लागतो, अगदी तेच. मोठे मार्चमध्ये गेले की पोरांना जरा मोकळा श्वास मिळतो.

तो म्हातारा ज्या वहीत लिहीत होता त्या वहीची किंमत टॅगपेक्षा कमी समजू नका. टॅग मोजक्या पक्ष्यांना असतो, रिंगा हजारोंना. कोणीतरी तिथे उभं राहून वाचल्याशिवाय रिंगचा काही उपयोग नाही.

चष्मादादा, मार्ग बंद नाही. ऑस्प्रेचं डोकं बघा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी असते कपाळावर आणि टाळूवर, ती प्रत्येकाची वेगळी. छातीवरचा तपकिरी पट्टा मादीत बहुधा गडद आणि रुंद, नरात फिका, कधी नसल्यासारखाच. आमच्याकडे बिनरिंगेचे पक्षी असेच ओळखतात. दोन्ही वर्षांचे चेहऱ्याचे फोटो एकाच बाजूचे शेजारी ठेवून बघा. पिसं गळून नवी येतात तेव्हा थोडा फरक पडतो पण ठेवण बरीचशी टिकते.

आणि पाठीवरच्या पिसांना फिकट कडा, खवल्यासारखं दिसतंय का? डोळा नारिंगी का पिवळा? खवले आणि नारिंगी डोळा असेल तर ते यंदाचं पिल्लू, म्हणजे मागच्या वर्षीचा तो असणं शक्यच नाही.

चोडणची_फेरी (गोवा)

आमच्या मांडवी-झुआरीवरही असतात हिवाळ्यात, खांबांवर, बोयांवर. झुआरीच्या बोट ट्रिपला मगर आणि ऑस्प्रे एकाच फेरीत मिळतात कधीकधी.

एक शंका. गांबियातले युरोपातून येतात ते कळलं. मग आमचे आणि उजनीचे पण तिथलेच का?

टेलिमेट्रीवाला

नाही, ब्रिटनचे इकडे येत नाहीत, त्यांचा रस्ता सरळ दक्षिणेला. ऑस्प्रे रशियात पार सायबेरियाच्या पूर्व टोकापर्यंत घरटी करतात, आणि आपण स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहोत ज्यात ३० देश येतात, रशियापासून खाली मालदीवपर्यंत. थोडे हिमालयातही विणीला असतात. त्यामुळे आपल्याकडे रिंग दिसलीच तर निळी ब्रिटिश असेल असं डोक्यात ठेवून जाऊ नका, कुठलीही असू शकते, नुसती धातूचीही. रंग, पाय कुठला, अक्षरं, जेवढं दिसेल तेवढं लिहा आणि बीएनएचएसला कळवा, रिंग कोणी घातली ते शोधायचं काम ते करतात.

घरबसल्या नकाशा बघायचा असेल तर मूव्हबँक म्हणून साइट आहे, जर्मनीतली मॅक्स प्लँक संस्था चालवते, त्यांचं अ‍ॅनिमल ट्रॅकर नावाचं अ‍ॅप फुकट आहे. पक्षी निवडा आणि बसा बघत. काहींचे बिंदू मुद्दाम उशिरा दाखवतात, शिकारी लोकांच्या हाती लागू नये म्हणून, ते चांगलंच आहे.

चष्मा_आणि_दुर्बीण (पुणे)

डोक्याचे फोटो लावून बघितले. डोळा पिवळा, खवले नाहीत, म्हणजे मोठा पक्षी. टाळूवर मागच्या बाजूला एक तिरका गडद डाग आहे तो दोन्ही वर्षी आहे असं मला वाटतंय, बायकोला तर खात्रीच आहे. दोन्ही फोटो खाली जोडलेत, मंजूताई तुम्ही बघून सांगा.

नावाडीभाऊ, तुम्ही रोज तिकडून जाता तर तुम्हीच तारखा लिहून ठेवल्या तर? पहिला कधी दिसला, शेवटचा कधी, बाभळीवर का दुसरीकडे. मी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची साइट) चढवत जाईन, नाव तुमचंच.

नावाडी_कुंभारगाव

लिहितो की. पोरगी नववीला हाय, तिला वही देतो, तिचं अक्षर चांगलंय. यंदा पहिला दसऱ्याच्या आधी दिसलेला, तारीख मोबाइलमदल्या फोटोवर आसंल, बघून टाकतो. पण बाभळ कुठं हाय ते उघड्यावर लिहू नका बरं का, न्हाईतर रविवारी धा होड्या तिथंच.

लेस्टरची_मंजू

फोटो बघितले. तिरका डाग दोन्हीत आहे, डोळ्यामागची पट्टी मानेकडे जाताना तुटते तीही दोन्हीत सारखीच. छातीचा पट्टा रुंद आहे, त्यामुळे बहुधा मादी. माझ्या मते तीच. एकाच बाजूचे आणखी फोटो मिळाले तर बरं, उजवी बाजू यंदाच्या एकाही फोटोत नाहीये, ती मार्चच्या आत मिळवा. आणि हो, लांबूनच.